मॉडेल गाड्यांचा पहिला देखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायकास्ट (धातू साच्यात ओतून केलेल्या छोट्या) गाड्या जमवणारे, मुलांसाठी काहीतरी करू पाहणारे आईबाबा, निवृत्तीनंतर हा छंद लागलेले काका, असे सगळे मला जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागणार असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. खरेदीला निघण्यापूर्वी प्रश्न २ आणि ३ जरूर वाचा.

१. डायोरामा म्हणजे नक्की काय? नुसत्या स्टँडवर गाडी ठेवण्यापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

स्टँडवर गाडी नुसती दिसते, देखाव्यात ती कुठेतरी उभी असते. अशा देखाव्यालाच डायोरामा म्हणतात. हा शब्द पॅरिसचा. तिथे १८२२ मध्ये दागेर आणि बूताँ या दोघांनी प्रचंड चित्रित पडद्यांवर प्रकाश बदलून दाखवायचा खेळ सुरू केला आणि त्याला ‘डायोरामा’ म्हटलं. पुढे संग्रहालयांतल्या छोट्या त्रिमित दृश्यांना हेच नाव पडलं. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोकजीवनाचे असे जुने देखावे आणि मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पहिलं काम हाती घेण्याआधी शक्य असेल तर ते बघून या. एवढ्याशा जागेत किती कमी वस्तू ठेवल्या आहेत, तिकडे लक्ष द्या.

आपल्याला हे काम परकं नाही. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाला यातलं निम्मं येतं. फरक मापाचा. किल्ल्यावरचा मावळा बुरुजाहून उंच झाला तरी कोणी हरकत घेत नाही, पण गाडीचं दार केवढं असतं हे बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे शेजारचं काहीही मापाबाहेर गेलं की डोळ्याला लगेच खुपतं.

२. मी कधीच केलेलं नाही. पहिला देखावा कोणता करू आणि केवढा?

एक गाडी, एक रस्ता, एक भिंत. बस. बहुतेकांचा पहिला देखावा अर्धवट राहतो, कारण ते पेट्रोल पंप, गॅरेज, चहाची टपरी आणि उड्डाणपूल एकाच पाटावर मांडायला जातात.

१:६४ च्या, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या गाडीसाठी (प्रश्न ३) २० × २० सें.मी.चा पाया घ्या. म्हणजे प्रत्यक्षात पावणेतेरा मीटर लांब-रुंद जागा. गाडी, फूटपाथ आणि मागची कंपाउंडची भिंत त्यात आरामात बसते. जागा मात्र तुम्ही पाहिलेली निवडा. आजोळच्या घराचं फाटक चालेल, तुमच्या इमारतीच्या पार्किंगचा कोपरा चालेल, गाडी रोज जिथे लागायची ते झाड चालेल. तिथे जाऊन मोबाइलवर दहा-बारा फोटो काढा: भिंतीचा पाया, गटाराची झाकणं, फूटपाथची कड, पान खाऊन थुंकल्याचे डागसुद्धा. मनाने केलेला रस्ता गुळगुळीत आणि स्वच्छ होतो. फोटो बघून केलेल्या रस्त्याला खड्डा पडतो, आणि तो खड्डाच देखाव्याला खरेपणा देतो.

गाडी पायाच्या कडेला समांतर लावू नका. दहा-पंधरा अंशांनी तिरकी करा आणि रस्ताही तसाच तिरका आखा. रस्ता पायाच्या बाहेर पुढे जात असावा असा भास होतो.

३. १:६४, १:४३, १:१८ याचा अर्थ काय? भिंत, दार, रस्ता यांची मापं कशी काढायची?

खऱ्या वस्तूचं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्केलच्या आकड्याने भागा. २१०० मि.मी. उंच दार १:६४ मध्ये ३३ मि.मी. होतं. रोज भागाकार नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा: एक मीटर म्हणजे १:६४ मध्ये १५.६ मि.मी., १:४३ मध्ये २३, १:२४ मध्ये ४२ आणि १:१८ मध्ये ५५.६ मि.मी.

सारखी लागणारी काही मापं तयार देतो. पावणेसहा फुटांपेक्षा थोडा कमी, म्हणजे १७० सें.मी.चा माणूस १:६४ मध्ये २७ मि.मी., १:४३ मध्ये ४०, १:२४ मध्ये ७१ आणि १:१८ मध्ये ९४ मि.मी. येतो. सात मीटरचा दुपदरी रस्ता १:६४ मध्ये ११ सें.मी. रुंद होतो, पण १:१८ मध्ये तोच ३९ सें.मी. घेतो. नऊ इंची वीट १:६४ मध्ये साडेतीन मिलिमीटर लांब आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच. आता १:१८ ची गाडी घेऊन मोठा रस्ता करायची इच्छा आपोआप मावळेल. त्या स्केलमध्ये अ‍ॅम्बॅसॅडर एकटीच २४ सें.मी. होते. तिच्यासाठी घराचं पोर्च किंवा गॅरेजचा एक खण पुरेसा.

मापात गोंधळ झाला तर गाडी पट्टीसारखी वापरा. गाडीजवळ दार धरा आणि स्वतःला विचारा, या गाडीतून उतरलेला माणूस या दारातून वाकून आत जाईल का?

४. पॅकेटवर १:६४ लिहिलंय, पण बस आणि कार शेजारी ठेवल्या तर बस कारएवढीच दिसते. असं का?

कारण स्वस्त मालिकांमधल्या गाड्या ठरलेल्या पॅकेटात बसाव्यात अशा घडवलेल्या असतात. मॅचबॉक्स १९५३ पासून आणि हॉट व्हील्स १९६८ पासून हेच करत आली आहे. छोटी कार थोडी मोठी होते, बस आणि ट्रक चांगलेच आक्रसतात. नेमक्या १:६४ च्या गाड्या संग्राहकांसाठीच्या महागड्या मालिकांत मिळतात.

खरं स्केल काढायला खऱ्या गाडीची लांबी शोधून मॉडेलच्या लांबीने भागा. मारुती ८०० सुमारे ३३३५ मि.मी. लांब होती, मॉडेल ५२ मि.मी. भरलं तर ते १:६४. तेच मॉडेल ७० मि.मी. असेल तर स्केल साधारण १:४८, आणि मग दार-खिडक्या त्या हिशेबाने करा. एका देखाव्यात एकाच स्केलच्या गाड्या घ्या. आक्रसलेला ट्रक वापरायचाच असेल तर तो मागच्या बाजूला, भिंतीजवळ ठेवा. दूर असल्यामुळे लहान दिसतो असं डोळा समजून घेतो.

५. पाया कशाचा करू? मी पुठ्ठ्यावर केला, दोन दिवसांत तो वाकडा झाला.

फेविकॉल आणि रंगातलं पाणी पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला शोषलं जातं आणि वाळताना तीच बाजू आक्रसते. म्हणून तो वर वळतो. जवळपास फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराकडून १२ मि.मी. एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा मागून आणा. त्याच्या कडांना पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात द्या, नाहीतर पावसाळ्यात कडा फुगतात. एमडीएफ नसेल तर जुनी फोटोफ्रेम उत्तम: काच काढा आणि मागच्या पाट्यावर काम करा. कड तयारच मिळते.

पुठ्ठाच वापरायचा असेल तर दोन थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवा, रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा आणि रंगाचा एक हात खालच्या बाजूलाही मारा.

६. थर्माकोल वापरू का? एकदा स्प्रे मारला तर तो विरघळूनच गेला.

स्प्रेच्या डब्यातल्या द्रावकाने थर्माकोल खाल्ला जातो. आधी फेविकॉल किंवा अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पूर्ण थर द्यावे लागतात, आणि टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी तिथून भोक पडत जातं. माझं मत विचाराल तर थर्माकोलवर स्प्रे मारूच नका, ब्रशने अ‍ॅक्रिलिक लावा.

शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. त्यामुळे नवा विकत आणण्याचा प्रश्नच नाही. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून घरी आलेला पडून असेल तर टेकडी किंवा चढ उभा करायला तो वापरा. कचऱ्यात जाण्यापेक्षा बरं. भिंती आणि फूटपाथसाठी सनबोर्ड, म्हणजे फोमसारखा हलका पण ताठ प्लास्टिकचा बोर्ड घ्या. बोर्ड-बॅनर करणाऱ्या दुकानात त्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात, मागितले तर मिळतात.

७. डांबरी रस्ता खरा वाटतच नाही. काळा रंग देऊनही खेळण्यातला दिसतो. काय चुकतंय?

काळा रंगच चुकतोय. उद्या दुपारी रस्त्याकडे नीट बघा. नवं डांबर सोडलं तर रस्ता राखाडी असतो: मध्ये फिकट, चाकांच्या पट्ट्यांत थोडा गडद, कडेला मातीचा. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, म्हणून खऱ्यापेक्षा एक छटा फिकटच धरा.

मी हे असं करतो. पायावर हार्डवेअरच्या दुकानातला बारीक वॉटर पेपर (पाण्यातही चालणारा पॉलिश पेपर) चिकटवतो. १:६४ साठी ४०० नंबर, १:१८ साठी १२० किंवा १५०. याहून जाड घेतला तर रस्ता खडीचा वाटतो. पेपर फेविकॉलने चिकटवताना मधून कडेकडे हात फिरवा म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. मग काळ्यात पांढरा आणि चिमूटभर तपकिरी मिसळून पातळ राखाडी हात द्या. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिकट राखाडी घ्या, ब्रश कागदावर पुसून टाका आणि उरलेला रंग रस्त्यावर हलकेच फिरवा. फक्त वरचे कण उजळतात आणि पृष्ठभाग जिवंत होतो. या एका युक्तीने जितका फरक पडतो तितका कुठल्याच महागड्या सामानाने पडत नाही.

भेगांसाठी वॉटर पेपर कटरने हलका चिरा आणि चिरेत पातळ काळा रंग सोडा. खड्डा करायचा तर कागदाचा वेडावाकडा तुकडा काढून टाका, खाली थोडी चाळलेली वाळू चिकटवा आणि कडेला दोन-चार खडे सुटे टाका. डांबराचा नवा पॅच हवा असेल तर गडद राखाडी चौकोन रंगवा. आपल्याकडचा कोणता रस्ता पॅचशिवाय असतो? शेवटी कोरडी माती किंवा रंगीत खडूची भुकटी बोटाने कडेला चोळा. कोकणातला रस्ता असेल तर थोडा गेरू. त्या लाल कडेनेच लोक गाव ओळखतात.

८. रस्त्यावरचे पांढरे पट्टे सरळ येत नाहीत. आणि फूटपाथ?

खऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण १० ते १५ सें.मी., म्हणजे १:६४ मध्ये दीड ते दोन मिलिमीटर. पट्टीला धरून पांढऱ्या जेल पेनने दोन रेघा शेजारी शेजारी मारल्या की काम होतं. मग बारीक पॉलिश पेपरने थोडं घासा. कोरा करकरीत पट्टा आणि जुना रस्ता यांचं जमत नाही.

फूटपाथसाठी ३ मि.मी.चा सनबोर्ड कापा. १:६४ मध्ये तो साडेसात इंचांचा होतो आणि आपल्या शहरांतल्या फूटपाथला ते माप शोभतं. पेव्हर ब्लॉकच्या रेघा बंद बॉलपेनने दाबून काढा. कडेचे दगड सव्वा सेंटिमीटरवर आखून आळीपाळीने काळे-पांढरे किंवा काळे-पिवळे रंगवा.

९. मागची भिंत कशी करू? विटा, दगड, जांभा असं वेगवेगळं दाखवायचं आहे.

सनबोर्डवर टोकदार बॉलपेनने सांधे कोरायचे, रंग द्यायचा, वाळल्यावर पातळ राखाडी सांध्यांत सोडून वरचा पुसून घ्यायचा. पद्धत सगळ्यांना तीच, फरक मापात आणि रंगात आहे. १:६४ मध्ये विटेचे सांधे इतके जवळ येतात की पूर्ण भिंत कोरण्यापेक्षा तिला गिलावा दाखवा आणि एका कोपऱ्यात गिलावा पडून आठ-दहा विटा उघड्या पडल्यात असं करा. मेहनत कमी, परिणाम जास्त.

जांभ्याचा चिरा साधारण फूट-सव्वा फूट लांब, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो, म्हणून जुन्या दातांच्या ब्रशने सनबोर्ड टोचून घ्या आणि गेरूत थोडा तपकिरी मिसळून लावा. देशावरच्या काळ्या दगडाला निळसर राखाडी द्या आणि प्रत्येक दगड किंचित वेगळ्या छटेचा ठेवा.

भिंतीच्या तळाशी हिरवट-काळा ओघळ हवाच. पावसाचं पाणी जिथे उडतं तिथे शेवाळ धरतं. भिंतीवरच्या जाहिराती आणि पाट्या स्वतः लिहून, लहान छापून, कागद मागून घासून पातळ करून चिकटवा. जाड कागदाची पांढरी कड सगळा खेळ बिघडवते.

१०. झाडं, गवत, माती यांचं सामान महाग आहे. घरातलं काय चालेल?

पुष्कळ. मातीसाठी कुंडीतली कोरडी माती चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. पालापाचोळ्यासाठी धुऊन वाळवलेला चहाचा चोथा. वाळलेल्या गवतासाठी नारळाची किशी बारीक कापून उभी चिकटवा. वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या १:६४ मध्ये हुबेहूब झुडपं होतात: हिरवा रंग द्या, खाली फेविकॉलचा थेंब, झालं. हिरव्यागार गवतासाठी सुताराकडचा बारीक भुसा रंगवून वाळवा. रांगोळी बारीक असते, पण तिचे रंग भडक. नुसती टाकू नका, तपकिरी-राखाडी मिसळून रंग मारून घ्या.

झाडासाठी विजेच्या वायरमधल्या तांब्याच्या तारा एकत्र पिळा, वर फांद्या फाकवा, खाली मुळं. त्यावर फेविकॉल आणि बारीक भुश्याचा लगदा लावून खोड करा. पानांसाठी भांडी घासायचा स्पंज मिक्सरच्या जुन्या भांड्यात बारीक करून हिरव्या रंगात घोळवा. वडाचं झाड पंधरा मीटरचं धरलं तर १:६४ मध्येही २३ सें.मी. होतं. एवढं मोठं झाड गाडीला झाकून टाकतं, त्यामुळे नुसतं खोड आणि खालची फांदी दाखवून बाकीचं झाड चौकटीबाहेर सोडा.

मातीवर सगळं पक्कं करायला फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. ड्रॉपरने सोडा. लिक्विडमुळे पाणी मातीवर गोळा न होता आत उतरतं. हे सेंद्रिय सामान वापरण्याआधी प्रश्न १९ वाचा.

११. माणसं कुठून आणू? किल्ल्यावरचे मावळे चालतील का?

मापाने विचार करा. बाजारातला सहा ते आठ सें.मी.चा मावळा साधारण १:२४ च्या आसपास येतो, म्हणजे मोठ्या गाडीजवळ उंचीला चालतो. उभ्या राहणाऱ्या माणसाची तलवार काढून पॉलिश पेपरने घासा, नव्याने रंगवा. १:६४ साठी तो राक्षस ठरेल. प्लास्टिकचे १:७२ सैनिक २४ मि.मी. येतात, बसलेले किंवा दूर उभे असतील तर खपतात. रेल्वे मॉडेलची १:८७ माणसं वीस मि.मी.सुद्धा भरत नाहीत आणि लहान मुलं म्हणूनही शोभत नाहीत. त्यांच्या अंगाचं प्रमाण मोठ्या माणसाचंच असतं.

पहिल्या देखाव्यात माणूस नसला तरी चालतं. माणसाची खूण ठेवा: भिंतीला टेकलेली सायकल, पायरीवरच्या चपला, दोरीवरचा टॉवेल. नीट न रंगवलेल्या चेहऱ्यापेक्षा हे कितीतरी बोलकं असतं.

१२. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी करायची आहे. कोणते बारकावे हवेत?

हा प्रश्न ३० ऑक्टोबर २०२३ नंतर फार वाढला. त्या दिवसापासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरली नाही. कुर्ल्याला तयार झालेली ही गाडी साधारण ३९३० मि.मी. लांब, म्हणजे १:६४ मध्ये ६१ मि.मी. अंग काळं, टप पिवळा, वर कॅरियर, आणि जुन्या टॅक्सीला बाहेर बसवलेला मीटर. कॅरियर बारीक तांब्याच्या तारेचा करा आणि त्यावर कापडी वळकटी किंवा पत्र्याची ट्रंक बांधा. सुतळी फार जाड होते, साधा शिवणाचा दोरा घ्या.

आधी काळ ठरवा. नंबरप्लेटचे रंग, मीटर, मागची जाहिरात, रस्त्यावरचे दिवे हे सगळं काळाप्रमाणे बदलतं. १९८५ ची टॅक्सी आणि मागे मोबाइल रिचार्जची पाटी असं करू नका. हल्लीची प्लेट ५०० × १२० मि.मी. असते, म्हणजे १:६४ मध्ये आठ बाय दोन मिलिमीटर. टॅक्सीची पिवळी, अक्षरं काळी. ती छापून घेणंच बरं.

काळी टॅक्सी चकचकीत ठेवू नका. फिकट खडूची भुकटी खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानीत चोळा. बॉनेट मात्र स्वच्छ ठेवा, कारण टॅक्सीवाला ते रोज सकाळी फडक्याने पुसायचा.

१३. फेविक्विक वापरलं आणि गाडीच्या काचा पांढुरक्या झाल्या. आता?

फेविक्विकची वाफ जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसते आणि पांढरा थर होतो. दमट हवेत आणि बंद खोक्यात जास्तच. थर हलका असेल तर मऊ कापडावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन हळूहळू घासा. पुढच्या वेळी काच असेल तिथे फेविकॉल वापरा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो. फेविक्विक धातू आणि तारांसाठी ठेवा, आणि चिकटवलेली वस्तू रात्रभर उघड्यावर असू द्या. प्लास्टिकचं झाकण दुसऱ्या दिवशी.

१४. गाडी देखाव्याला चिकटवून टाकू का? कोणी हात लावला की घसरते.

चिकटवू नका. आज साधी वाटणारी गाडी पाच वर्षांनी मिळेनाशी होते आणि तेव्हा तिच्या पोटावरचा गोंद निघत नाही. चाकाच्या अ‍ॅक्सलवरून काळा दोरा किंवा बारीक तार घ्या, पायाला दोन बारीक भोकं पाडा आणि खालून गाठ मारा. वरून काही दिसत नाही, गाठ सोडली की गाडी मोकळी. १:१८ ची जड गाडी असेल तर पोटाखाली लाकडाचा लपलेला ठोकळा द्या, म्हणजे वजन टायरवर येत नाही. का, ते पुढच्या प्रश्नात.

१५. वर्षभराने गाडी उचलली तर टायर रस्त्याला चिकटले होते आणि काळे डाग पडले होते.

मऊ टायरमध्ये त्याला लवचीक ठेवणारं तेलकट द्रव्य असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि खालचा रंग किंवा प्लास्टिक मऊ करतं. उष्णतेत आणि वजनाखाली वेग वाढतो. साध्या हॉट व्हील्सची चाकं कडक प्लास्टिकची असतात, त्यांना हा त्रास नाही. रबरी टायरच्या मालिका आणि मोठ्या मॉडेलना आहे. टायरखाली पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचे बारीक तुकडे ठेवा, झेरॉक्सच्या दुकानात ती फिल्म मिळते. पडलेला डाग पूर्ण निघत नाही. तिथे ऑइल सांडल्याचा काळपट डाग रंगवा, गाडीखाली तो शोभतोच.

१६. माझी गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे. भारतातला रस्ता दाखवला तर चूक होईल ना?

जाणकाराला दिसेल. सोपा मार्ग म्हणजे गाडी उभी केलेली दाखवा, मागच्या बाजूने, आणि काचांवर आतून गडद फिल्म किंवा पातळ काळा रंग. गाडी उघडता येत असेल आणि स्टिअरिंग वेगळं निघत असेल तरच बदलायला जा. नाहीतर त्या गाडीला तिचाच देश द्या: उजवीकडून चालणारी वाहतूक, तिथल्या पाट्या. धावती गाडी दाखवताना मात्र बाजू चुकवू नका. आपल्याकडे डावीकडून जाणारीच हवी.

१७. पाऊस पडून गेल्यासारखा ओला रस्ता कसा करायचा?

रस्ता पूर्ण रंगवून झाल्यावर. ओला डांबर गडद असतो, म्हणून डबक्याच्या जागी आधी गडद राखाडी द्या, मग पारदर्शक नेलपॉलिशचे तीन-चार पातळ थर, दोन थरांमध्ये तासाभराचं अंतर. फेविकॉलने डबकी करू नका; दमट हवेत ती दुधाळ होतात. नेलपॉलिश थर्माकोललाही खातं (प्रश्न ६), म्हणून फक्त वॉटर पेपर किंवा सनबोर्डवर, आणि सनबोर्डच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या. डबक्याची कड सारखी गोल नको. पाणी उताराकडे, फूटपाथच्या कडेला साचतं.

१८. रस्त्यावरचा दिवा लावायचा आहे. इलेक्ट्रॉनिक्सची काहीच माहिती नाही.

मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट, एक पांढरा एलईडी, आणि त्याच्या एका पायात २२० ओहमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह आवरणारा छोटा भाग). एवढंच पाठ करा. रेझिस्टर नसेल तर एलईडी जळतो. लांब पाय धन बाजूला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात हे सामान काही रुपयांत मिळतं. आठ मीटरचा खांब १:६४ मध्ये साडेबारा सें.मी.चा होतो, शीतपेयाची कागदी नळी किंवा जुन्या छत्रीची काडी घ्या आणि तारा आतून न्या. जुन्या रस्त्याला पिवळा-नारिंगी एलईडी वापरा, पांढऱ्या दिव्याने काळ लगेच आजचा होतो.

बटण सेलवरही एक एलईडी चालतो, पण घरात लहान मूल असेल तर बटण सेल नको. गिळला तर जिवावर बेतू शकतं.

१९. पावसाळ्यात देखाव्यावर बुरशी आली. कपाटात डांबरगोळ्या ठेवू का?

डांबरगोळ्या मुळीच नकोत. त्यांची वाफ थर्माकोल आणि त्याच जातीच्या प्लास्टिकला मऊ करते, काचा आणि दिवे खराब होतात. त्याऐवजी औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवा, उन्हात वाळवून पुन्हा वापरा.

खरं काम आधीच करायचं असतं. चहाचा चोथा, भुसा, मंजिऱ्या, माती हे सगळं दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहा. चिकटवल्यावर आतपर्यंत वाळायला कोकणात आणि मुंबईत जुलै महिन्यात चार-पाच दिवसही लागतात, आणि ओलावा आत ठेवून झाकण लावलं की बुरशी येणारच. माझा एक देखावा असाच गेला. गवताच्या जागी पांढरा कापूस उगवला होता. म्हणून मातीचं काम मी आता दिवाळीनंतर करतो आणि पावसाळ्यात भिंती, पाट्या, गाडीचे बारकावे करतो.

आलेली बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, ऊन दाखवा, तेवढा भाग खरवडून नवा करा. काचेचं खोकं सिलिकॉनने जोडलं असेल तर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत गाडी आत ठेवू नका. ते आम्ल धातूला बाधतं.

२०. मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला बरोबर घेऊ शकतो का?

नक्की घ्या. कटर, फेविक्विक आणि स्प्रे तुमच्याकडे. चाळणं, रंगवणं, गवत पेरणं त्याच्याकडे. मुलांचा उत्साह एका दुपारचा असतो, म्हणून भिंत आणि पाया तुम्ही आधी करून ठेवा. गाडी कुठे उभी राहणार हे त्याला ठरवू द्या. आणि ती मोकळीच ठेवा, कारण तो तिच्याशी खेळणार.

२१. प्रत्यक्ष छान दिसतो, पण फोटोत खेळणंच वाटतं. फोटो कसा काढू?

कॅमेरा फार वर असतो. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा १:६४ मध्ये जमिनीपासून अडीच सेंटिमीटरवर येतो. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ जाते. जरा मागे सरकून दोनपट झूम करा. फार जवळून काढलं की गाडीचं नाक फुगतं आणि मागचं सगळं धूसर होतं. सकाळी आठच्या उन्हात गच्चीवर काढा. सूर्य एकच असल्यामुळे सावलीही एकच, धारदार पडते. दोन ट्यूबलाइटच्या दोन सावल्या लगेच चुगली करतात. मागे खरं आभाळ किंवा दूरची झाडं आली तर वेगळा पडदा लागत नाही.

२२. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला न्यायचा आहे. विमानात आणि कस्टम्समध्ये अडचण येईल का?

अडचण मातीची. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये माती, बिया, वाळलेल्या वनस्पती यांवर कडक निर्बंध आहेत, आणि असं सामान बरोबर असेल तर ते जाहीर करावं लागतं. मंजिऱ्या, किशी, भुसा, कुंडीतली माती असलेला देखावा तिथे काढून घेतला जाऊ शकतो. न्यायचाच आहे हे आधी माहीत असेल तर सेंद्रिय काही वापरू नका: माती म्हणून रंगवलेली रांगोळी, गवत म्हणून कापलेला नायलॉनचा दोरा, पानं म्हणून स्पंज. पायासाठी एमडीएफऐवजी जाड सनबोर्ड घ्या, वजनही वाचतं.

गाडी सोडवून वेगळी गुंडाळा आणि हातातल्या बॅगेत ठेवा. भिंत आणि झाड पायात खुंटीने बसतील, चिकटवलेले नसतील असं आधीच करा. खोक्याच्या तळाशी स्पंज, आणि वरच्या मोकळ्या जागेत काहीही कोंबू नका. प्रवासात देखावे मोडतात ते कोंबलेल्या कागदाने. बरोबर फेविकॉलची छोटी बाटली आणि त्याच राखाडी रंगाची डबी द्या. एखादा पट्टा तिथे पोचून दुरुस्त करावा लागतोच.